मुखवटे दाराबाहेर

व्हेनिस, ८ ऑक्टोबर १७६६, बुधवार

आज मला नोकरी लागली. दहा उमेदवारांतून माझीच निवड झाली, हे आधी लिहून टाकतो, कारण उद्यापासून चारचौघांत विनयाने वागायचे आहे.

दोन्ना फाउस्तिना यांची गुरुवारची बैठक या शहरात कोणाला ठाऊक नाही? तिथे एकदा बसायला मिळावे म्हणून लोक वर्ष वर्ष ताटकळतात. आणि मी, आबाते इसेप्पो, वय त्रेचाळीस, ज्याच्या प्रवचनांना चर्चमधल्या म्हाताऱ्यासुद्धा पेंगत असत, तो त्या बाईंचा लेखनिक झालो.

परीक्षा मात्र विचित्र होती. लॅटिन विचारले नाही, हस्ताक्षर पाहिले नाही. प्रत्येकाला खिडकीतल्या उजेडात उभे करून बाईंनी विचारले, काल काय जेवलात? बाकीचे नऊ जण गोंधळून पुटपुटले. मी मात्र कांदा-व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या सार्डिन माशांचे असे सविस्तर वर्णन केले की माझ्याच तोंडाला पाणी सुटले. बाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आबाते, तुम्ही बोलता तेव्हा शब्द न् शब्द दिसतो."

शैलीची अशी पारख मी आजवर पाहिली नाही. सेमिनरीत, पाद्र्यांच्या शाळेत, मुले मला 'घोडा' म्हणायची, कारण मी बोलताना तोंड पूर्ण उघडतो आणि दात दाखवतो. वीस वर्षे ते नाव मनात सलत होते. आज कुठे जरा बरे वाटले.

काम सोपे आहे. गुरुवारी बाईंच्या अगदी समोर बसून चर्चेचे टिपण काढायचे, शुक्रवारी सकाळी ते त्यांना वाचून दाखवायचे, आणि पत्रव्यवहार बघायचा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कालची पहिली बैठक. अजून डोके ठिकाणावर आलेले नाही.

मुखवट्यांचा मोसम रविवारीच सुरू झाला. आता नाताळपर्यंत आणि पुढे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांपर्यंत मासळीवालीपासून न्यायाधीशापर्यंत सगळे शहर तो पांढरा, पुढे आलेल्या जबड्याचा मुखवटा लावून फिरणार. मुखवट्याला नाव विचारायचे नाही, हात लावायचा नाही, "नमस्कार, मुखवटेसाहेब" म्हणून वाट सोडायची. कर्ज बुडवलेला माणूसही त्याच्या आड सावकाराशेजारी बसून खुशाल कॉफी पितो. आमचा हा जुना हक्कच आहे, आणि त्यासाठी लोक भांडतील.

पण दोन्ना फाउस्तिनांच्या जिन्यावर त्यांची जुनी मोलकरीण कातीना टोपली घेऊन उभी असते. मुखवटा टोपलीत टाकल्याशिवाय वरची पायरी चढता येत नाही. काल एक सिनेटर आणि एक न्हाव्याचा जावई एकमेकांशेजारी उघड्या चेहऱ्याने उभे होते आणि दोघेही लाजत होते. अख्खे शहर म्हणते की हे बाईंचे तत्त्वज्ञान आहे, जन्माला येताना मिळालेल्या चेहऱ्यानेच माणसाने बोलावे. मला ते फार उदात्त वाटले.

इतरही नियम आहेत. एका वेळी एकानेच बोलायचे. तोंडापुढे पंखा धरायचा नाही. मेणबत्त्या दुप्पट. आणि संगीत अजिबात नाही, जे या शहरात म्हणजे बिनमिठाच्या जेवणासारखेच. एक सवय मात्र मला कंटाळवाणी वाटली. जो कोणी बोलायला उठतो तो आधी मागच्याचे म्हणणे बाईंकडे तोंड करून पुन्हा सांगतो. "डॉक्टर म्हणतात, कालव्याच्या घाणीने ताप येतो, मला मात्र वाटतं..." असे सगळ्यांचे. शाळेत बसल्यासारखे वाटते. यात सर्वांत पुढे सिओरा पेरिना. पूर्वी रंगभूमीवर होत्या, आता पोवळी विकतात, आणि आवाज अजून शेवटच्या रांगेसाठीच लावतात.

पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. मुरानोच्या भट्टीवरचा एक काचकाम करणारा आला होता. फार अडखळत बोलतो; दुसरीकडे त्याचे वाक्य नेहमी कोणीतरी हसत हसत पुरे करून टाकते. काल तो "भ... भ..." करत थांबला. बाई थांबल्या. त्यांची नजर त्याच्या ओठांवरून तसूभर हलली नाही, आणि त्यांच्यामुळे तीस माणसे श्वास धरून बसली. शेवटी तो भट्टीबद्दल पाव तास बोलला. बसताना त्याचे डोळे भरून आले होते. असे ऐकणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आज सकाळी एक वाईट पत्र आले. बाईंचे धाकटे दीर, सिएर आंजोलो, यांचे. त्यांना या घराची लाज वाटते. खानदानी विधवेने न्हाव्या-काचवाल्यांना दिवाणखान्यात बसवावे हे त्यांना खपत नाही. मुरानो बेटावरच्या मठात बाईंसाठी खोली तयार आहे, त्यांनी आपणहून जावे. नाहीतर ते न्यायाधीशांपुढे जाऊन सिद्ध करतील की बाई स्वतःचा कारभार पाहण्याच्या अवस्थेत नाहीत. मग घर त्यांच्या ताब्यात जाईल आणि बाई मठाच्या भिंतीआड.

मी चिडून लांबलचक उत्तर मनात जुळवू लागलो. बाईंनी दोनच वाक्ये सांगितली. "मठात दमट असतं. गुरुवारी या, मुखवटा खाली ठेवून."

शाई सुकवायला कागदावर वाळू टाकताना त्यांच्या पाठीमागून मी म्हणालो की एवढ्या बुद्धिमान बाईंविरुद्ध कोणता न्यायाधीश ब्र काढेल. त्यांनी काहीच उत्तर दिले नाही. भीती शब्दांत आणायची नाही असा त्यांचा स्वभाव आहे. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला आणि वाईटही वाटले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल बैठक भरात असताना वाऱ्याने मागच्या खिडकीची झडप आपटली. तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. सिनेटर खुर्चीतून उडाले, एका बाईंच्या हातून चॉकलेटचा पेला सांडला. दोन्ना फाउस्तिनांची पापणीही लवली नाही. त्या डॉक्टरांचे म्हणणे ऐकत होत्या. मग सगळे का दचकले म्हणून त्यांनी हसत सर्वांकडे पाहिले, आणि सिओरा पेरिना लगेच म्हणाल्या, "बाईसाहेब, झडप आपटली हो. मेलीला कडी लावायला हवी."

एकाग्रता म्हणतात ती हीच. आज सकाळी मी जिन्यावर त्यांना मागून तीनदा हाक मारली. विचारात गढून त्या तशाच वर गेल्या. 'अवधानाविषयी' असा एक निबंध लिहावा म्हणतो, त्यांचे उदाहरण देऊन.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा दिवस झकास गेला. चौकातल्या कॉफीखान्यात एक मुखवटेसाहेब माझ्या टेबलाशी येऊन बसले. मोसमात कोणीही कोणाशीही बोलावे, ही तर आमची गंमत. त्यांनी विचारले, तुम्हीच का दोन्ना फाउस्तिनांचे प्रसिद्ध लेखनिक? 'प्रसिद्ध' हा शब्द त्यांचा आहे.

मग मी सुटलो. निबंध नाहीतरी डोक्यात तयारच होता. झडपेची हकीकत सांगितली. मागून तीन हाका मारल्या तरी चिंतन मोडत नाही हे सांगितले. गाण्याबजावण्याने मन विचलित होते म्हणून त्यांनी संगीत वर्ज्य केले आहे, हेही सांगितले. गृहस्थ फार प्रभावित झाले. झडपेचा प्रसंग त्यांनी दोनदा सांगायला लावला, तारीखही विचारली. मुखवट्यातून त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता, पण ऐकणारा मोठा रसिक. उठताना त्यांनी माझा हात हातात घेतला.

बाईंची कीर्ती माझ्या तोंडून पसरते आहे, याचा फार आनंद वाटतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काय लिहू?

काल दुपारी न्यायाधीशांची नोटीस आली. येत्या गुरुवारी त्यांच्याकडून तिघे जण बैठकीला येतील आणि बाईंशी बोलून पाहतील. ते मुखवट्यात येतील, तो त्यांचा हक्क आहे, आणि तो उतरवायला कोणी सांगायचे नाही. सिएर आंजोलोंची तक्रार सोबत जोडली होती. 'सदर विधवा ऐकण्यास असमर्थ असून, त्यामुळे व्यवहारास असमर्थ आहे.'

मला हसू फुटले. व्हेनिसमधले सर्वांत चांगले कान, आणि म्हणे बहिरे. मी तावातावाने नोटीस वाचत होतो. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. सगळे वाचून झाल्यावर त्या वळल्या आणि म्हणाल्या, "आबाते, समोर या. पुन्हा वाचा."

मी समोर जाऊन पुन्हा वाचले. दुसऱ्या ओळीला त्या खुर्चीत बसल्या. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळलेला मी पाहिला.

संध्याकाळी सिओरा पेरिनांनी मला जिन्यावर गाठले. "पाद्रीबुवा, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

मी म्हणालो, असल्या खोट्या तक्रारीचा राग येतो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"खोटी? अहो, अकरा वर्षं झाली. तापातून उठल्या आणि कान गेले ते गेले. काडीइतकं ऐकू येत नाही त्यांना."

"पण त्या तर सगळ्यांना उत्तरं देतात."

"ओठ वाचतात. म्हणून तर मुखवटे खाली, म्हणून तर मेणबत्त्या. आम्ही पोपटासारखं एकमेकांचं परत परत सांगतो ते काय हौस म्हणून? एखाद्याकडे त्यांची पाठ असली तर त्याचं म्हणणं पोचायला नको? आणि तुम्हाला घेतलं ते या भल्यामोठ्या जबड्यासाठी."

कोणाकोणाला माहीत आहे, मी विचारले. सगळ्यांना, त्या म्हणाल्या. सिनेटरला, न्हाव्याच्या जावयाला, काचवाल्याला. त्यांना कोणी सांगितले?

"कोणीच नाही. ज्याला जसं कळलं तसा तो वागायला लागला. या विषयावर मी आज पहिल्यांदा तोंड उघडतेय, तेही तुमच्यासारख्या ठोंब्यापुढे."

मग त्यांनी आवाज खाली आणला, जे त्यांना सहसा जमत नाही. "टेबलावरच्या तक्रारीचं मागचं पान वाचलं मी. तुम्ही उलटून पाहिलं नसेल. झडपेचं लिहिलंय त्यात. तारखेसकट. त्या दिवशी आतली माणसं सोडून कोणी नव्हतं. आमच्यातलं कोण फुटलं, देव जाणे."

मला कॉफीखान्यातला तो रसिक मुखवटा आठवला. माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक होते. पण वेळ आली तेव्हा ती उचललीच नाही.

३ डिसेंबर, बुधवार

पाच-सहा दिवस अन्न गोड लागत नाही. कौतुक करता करता मी त्या बाईंना मठाच्या दारापर्यंत नेऊन सोडले. कबुली द्यायला दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेलो, दोनदा मागे फिरलो. बाई मात्र नेहमीसारख्या कातीनाला फुले कुठे ठेवायची ते सांगत होत्या.

पेरिनांचा बेत आहे की उद्या मुखवटे जे विचारतील ते नेहमीच्या रिवाजाने कोणीतरी परत सांगायचे. चालून जाईल म्हणतात.

५ डिसेंबर, शुक्रवार

जमेल तसे क्रमाने लिहितो.

काल दिवे लागायच्या वेळी तिघे आले. कातीना टोपली मागे घेऊन भिंतीला चिकटून उभी राहिली. या जिन्यावरून अकरा वर्षांत पहिल्यांदाच मुखवटे वर गेले. दोन उंच, एक बुटका, सगळे काळ्या झग्यात. बाईंनी उठून स्वागत केले. त्यांच्यापुढे तीन पांढरे, बिनओठांचे चेहरे होते.

पहिल्या उंच मुखवट्याने खोलीभर पाहून सांगितले की मंडळींपैकी कोणी चकार शब्द काढायचा नाही. पेरिनांचे तोंड उघडले होते, ते तसेच मिटले. फक्त लेखनिकाने प्रश्नोत्तरे टिपून घ्यावीत, म्हणजे न्यायाधीशांपुढे ठेवता येतील.

लेखनिक मी. जागा नेहमीचीच, बाईंच्या अगदी समोर, आणि ते तिघे माझ्या दोन्ही बाजूंना. बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत विनवणी नव्हती. बुडणारा माणूस काठ शोधतो तशी ती नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत माझ्यापर्यंत आली होती, आणि पुढे कोणी उरले नव्हते.

मुखवट्याने पहिला प्रश्न विचारला. मी दौतीत टाक बुडवला, मान कागदावर न घालता वर ठेवली, आणि लिहिता लिहिता ते शब्द आवाज न करता ओठांवर आणले. अगदी पूर्ण. घोड्यासारखे. पती वारल्याला किती वर्षे झाली? बाई म्हणाल्या, चौदा. घरखर्च कोण पाहते? मी स्वतः, आणि गेल्या वर्षी छपराचं काम दिरांच्या सुतारापेक्षा निम्म्यात करून घेतलं. कोणीतरी हसू दाबले.

प्रश्न लांब होऊ लागले. बुटक्या मुखवट्याची सावली माझ्या तोंडावर पडत होती. बाईंच्या कपाळाला एक आठी पडली. त्यांच्या नजरेतून माझा शब्द निसटला असावा. तेवढ्यात बुटक्याने आपल्याजवळची मेणबत्ती उचलली आणि माझ्या दौतीशेजारी आणून ठेवली, स्वतःची खुर्चीही हातभर मागे घेतली. माझे अक्षर बारीक असते, त्याला दिसत नसावे. मी मान हलवून आभार मानले.

मग पहिला मुखवटा उठला, बाईंच्या मागे जाऊन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला की मागची खिडकी उघडी आहे, थंडी नाही का वाजत? मी ओठ हलवले.

बाई न वळता म्हणाल्या, "खिडकी बंद आहे, मुखवटेसाहेब. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी आहे, बघा."

शेवटचा प्रश्न बुटक्याने विचारला. आमच्या शहरात मुखवटा हा प्रत्येकाचा हक्क. तुम्ही तो दाराशी का काढून घेता? मी तो प्रश्न ओठांवर आणला आणि लिहायचे विसरलो, कारण याला खरे उत्तर एकच होते.

माझ्याकडे पाहतच बाई म्हणाल्या, "सहा महिने या शहरात कोणाला कोणाच्या चेहऱ्याची गरज नसते. मला असते. माझ्याकडे येणाऱ्याचं तोंड दिसलं नाही तर तो आला न आला मला सारखंच. एवढंच कारण आहे. तत्त्वज्ञान लोकांनी जोडलं."

त्यांनी खरेच सांगितले होते. अर्धे शहर ज्या वाक्यात शहाणपण शोधेल, त्यात त्यांनी आपला बहिरेपणा उघडा करून ठेवला होता आणि मान खाली घातली नव्हती. मी आयुष्यात इतके मोठे माणूस जवळून पाहिले नाही. काचवाला रडत होता.

जाताना बुटका मुखवटा माझ्यापाशी थांबला. "लेखनिकमहाशय, अक्षर फार स्पष्ट आहे तुमचं." त्याने कागदाकडे पाहिलेसुद्धा नव्हते, पण स्तुती ती स्तुती.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळी निकाल आला. तिघांचा अभिप्राय एकमताचा. सिएर आंजोलोंची तक्रार फेटाळली आहे. घर बाईंचे, गुरुवार बाईंचा. कातीनाने स्वयंपाकघरात भांडी आपटून आनंद केला. पेरिना आल्या, तळलेल्या गोड भज्यांची परडी टेबलावर ठेवली, "चला, कोणीतरी अक्कल वापरली," म्हणाल्या आणि डोळे पुसायला जिन्यावर गेल्या. बाईंच्या कानांचा विषय कोणी काढला नाही. आजही, कोणीच नाही.

मी मात्र भजी खाऊ शकलो नाही. आनंदात सुटून जाणे सोपे होते. बाई मला सारख्या "तुमच्यामुळे, आबाते" म्हणत होत्या, आणि दर वेळी मी परडीकडे पाहत होतो. पेरिना गेल्यावर मी बाईंच्या समोर जाऊन उभा राहिलो. सांगायला सुरुवात केली. कॉफीखाना, मुखवटा, झडप, तारीख. बोलता बोलता लाजेने माझा हात तोंडावर कधी गेला मला कळले नाही. मी सगळे सांगून टाकले आणि रडलोही.

बाई शांतपणे माझ्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आबाते, हात खाली घ्या. मला ऐकू येत नाही."

अकरा वर्षांत त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. सिनेटरला नाही, पेरिनांना नाही, न्यायाधीशांच्या माणसांना नाही. मला सांगितले.

मी हात खाली घेतला. मेणबत्ती जवळ ओढली. आणि पुन्हा पहिल्यापासून, तोंड पूर्ण उघडून, एकेक शब्द दिसेल असा सांगितला. झडपेचं मी सांगितलं. तारीख मी सांगितली. माझं कोणी इतक्या मनापासून कधी ऐकलं नव्हतं म्हणून सांगितलं. त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत नजर काढली नाही, त्या काचवाल्यासाठी थांबल्या होत्या तशाच थांबल्या. त्यांचा चेहरा मधेच पांढराफटक पडला. ते मला पाहावे लागले.

"तुम्ही नसता तर ही नोटीस आली नसती," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही नसता तर आज मी मुरानोला असते. मी अजून रागावलेय. किती दिवस रागावेन, माहीत नाही."

मी मान खाली घातली. त्यांनी बोटाने माझी हनुवटी वर केली.

"खाली बघू नका माझ्याशी बोलताना. काय म्हणताय?"

मी म्हणालो, मी जातो.

"कुठे? आज गुरुवार आहे. बसा तुमच्या जागेवर."

मी बसलो.